एकट्या बातमीचं काय होतं?

पहाटेचे पावणेपाच. पुण्यातल्या एका जुन्या पेठेत बंद दुकानांच्या पायऱ्यांवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुटतात. दोऱ्या कापल्या जातात, मुख्य अंकात पुरवण्या भरायला चार-पाच जण बसतात, आणि अर्ध्या तासात त्या ढिगातून ‘लाइनी’ तयार होतात. लाइन म्हणजे एका पोराच्या सायकलीवर जाणारी ठरावीक घरं. ती कुठे लिहिलेली नसते. तीस वर्षं हा धंदा करणाऱ्या विक्रेत्याच्या डोक्यात ती असते. पहिल्या वाड्यात दोन मराठी. वरच्या मजल्यावर एक मराठी, एक इंग्रजी. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये तीन, कारण तिथे गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं. एका आजींकडे फक्त रविवारी, शब्दकोड्यासाठी.

निरनिराळ्या छापखान्यांतून आलेला माल एका ठिकाणी आणायचा, आणि ज्याला जो हवा तो त्याच्या दारात टाकायचा. हीच दोन कामं आज कोट्यवधी फोनांवर यंत्र करतं. शेकडो संकेतस्थळांवरच्या बातम्या ते गोळा करतं, एकाच घटनेच्या बातम्या एका जागी लावतं आणि समोरच्या माणसाला काय आवडेल याचा अंदाज बांधून क्रम ठरवतं. विक्रेत्याला आजींनी कोणता अंक मागितला एवढं ठाऊक असतं. त्या अग्रलेख वाचतात की नाही, हे नसतं. यंत्राचं नेमकं उलट आहे. बोट कुठे थांबलं, किती सेकंद थांबलं, बातमी अर्धी सोडली की शेवटपर्यंत गेली, यावरच त्याची सगळी मदार.

‘बातमी घरापर्यंत कशी येते’ हा विषय या अंकासाठी ठरला, तेव्हा शोध या यंत्राचा घ्यायचा होता. पण त्याच्या पोटात शिरून पाहिल्यावर वेगळाच प्रश्न पुढे आला. जी बातमी एकाच माणसाने, एकाच ठिकाणी, एकदाच दिली, तिचं या यंत्रात काय होतं?

एका वाचकासाठी काढलेलं वर्तमानपत्र

बातम्या गोळा करून एखाद्याच्या गरजेप्रमाणे मांडण्याची कल्पना संगणकापेक्षा खूप जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई सरकार दर आठवड्याला एक गोपनीय अहवाल तयार करवून घेत असे. मराठी, गुजराती आणि इतर देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांत काय छापून आलं, त्याचा इंग्रजी गोषवारा त्यात असे. ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’ या नावाने तो ओळखला जाई. भाषांतरकार डझनावारी पत्रं चाळत, एका विषयावरचे उतारे एकत्र आणत आणि सरकारला कशाची दखल घ्यावीशी वाटेल या हिशेबाने निवड करत. म्हणजे अनेक पत्रांतून जमवलेलं, एकाच वाचकासाठी काढलेलं ते वर्तमानपत्र होतं, आणि तो वाचक होता राज्यकर्ता. मूळ अंक ज्यांचे हरवले, अशा कित्येक पत्रांचा मजकूर आज इतिहास संशोधकांना या अहवालांतूनच मिळतो. निवड करणाऱ्याचा हेतू काहीही असो, त्याने जे उचललं तेच मागे उरलं.

संगणकाच्या काळात हा विचार पुन्हा रुजला तो अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये १९९३च्या सुमारास विद्यार्थ्यांच्या आवडीनुसार बातम्या मांडणारं ‘फिशरॅप’ नावाचं वर्तमानपत्र चालू झालं. त्या लॅबचे सहसंस्थापक निकोलस नेग्रोपोंटे यांनी ‘डेली मी’ हा शब्द रूढ केला: प्रत्येकाचं आपापलं दैनिक. १९९५ साली जॉर्जिया टेक विद्यापीठात ‘क्राकाटोआ क्रॉनिकल’ नावाचा असाच प्रयोग झाला. तो करणाऱ्या तिघांपैकी एक होते कृष्ण भरत, आयआयटी मद्रासमधून तिकडे गेलेले संशोधक.

हेच भरत पुढे गूगलमध्ये होते. ११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले तेव्हा लोक गूगलवर शोधत होते आणि गूगलकडे दाखवायला जुनी पानं होती. शोधयंत्राची अनुक्रमणिका तेव्हा मिनिटामिनिटाला ताजी होत नसे. शेवटी कंपनीने मुखपृष्ठावर वृत्तसंस्थांचे दुवे हाताने लावले. त्यानंतरच्या दिवसांत भरत स्वतः एकाच घटनेवरच्या वेगवेगळ्या देशांतल्या बातम्या शोधून वाचत होते, आणि त्या आपोआप एका जागी याव्यात म्हणून त्यांनी एक आज्ञावली लिहिली. सप्टेंबर २००२मध्ये ती ‘गूगल न्यूज’ म्हणून लोकांसमोर आली. सुमारे ४,००० इंग्रजी स्रोत त्यात होते, आणि संपादक एकही नव्हता.

एकही नव्हता असं म्हणायचं, पण ते पुरतं खरं नाही. कोणती बातमी मोठी, हे यंत्र ठरवायचं ते जगभरच्या संपादकांनी तिला किती आणि कुठे जागा दिली हे मोजून. हजारो संपादकांच्या निर्णयांची बेरीज म्हणजे यंत्राचा निर्णय. ही कल्पना सुंदर आहे. तिच्यातच या लेखाच्या प्रश्नाची मेखही आहे, पण तिच्याकडे जाण्याआधी यंत्राला मराठी मजकूर कसा दिसतो ते पाहायला हवं.

सगळे गुन्हे ‘ठाण्यात’

यंत्र पहिल्यांदा पान उचलतं आणि जाहिराती, मेनू, ‘हेही वाचा’ अशी सगळी टरफलं काढून मजकूर वेगळा करतं. मग तो मजकूर आधी कुठे येऊन गेला आहे का ते तपासतं. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. मजकुराचे ओळीने काही-काही शब्दांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला एक आकडा द्यायचा आणि दोन मजकुरांत असे किती आकडे सारखे निघतात ते पाहायचं. आंद्रेई ब्रोडर यांनी अल्टाव्हिस्टा या शोधयंत्रासाठी १९९७मध्ये ही रीत बसवली. सगळे आकडे न तपासता थोड्याच नमुन्यावरून साम्य ओळखता येतं, ही तिची खुबी.

नक्कल नसलेल्या, पण एकाच घटनेच्या बातम्या ओळखणं जास्त अवघड. इथे १९७२ साली कॅरेन स्पार्क जोन्स या ब्रिटिश विदुषीने मांडलेला विचार अजून कामाला येतो: जो शब्द सगळीकडे येतो त्याला किंमत कमी, जो मोजक्याच ठिकाणी येतो त्याला जास्त. ‘आहे’, ‘यांनी’, ‘सांगितले’ यांचं वजन जवळजवळ शून्य. ‘बोंडअळी’चं भरपूर. दोन बातम्यांत ‘बोंडअळी’, ‘यवतमाळ’ आणि ‘पंचनामे’ हे तिन्ही शब्द आले, तर त्या एकाच घटनेच्या असण्याचा संभव मोठा.

इंग्रजीत हे हिशेब बरेच सरळ जुळतात. मराठी मात्र शब्दाला एका रूपात उभं राहू देत नाही. ऊस, उसाला, उसाच्या, उसावर. पाऊस, पावसाने, पावसातही. कापूस आणि कापसाचा, नाशिक आणि नाशकात. सामान्यरूप होताना पहिलं अक्षरसुद्धा बदलतं, आणि प्रत्यय शब्दाला चिकटून बसतो. शब्दाचं मूळ शोधल्याशिवाय मोजायला बसलं, तर ‘ऊस’ आणि ‘उसाला’ हे यंत्राच्या लेखी दोन अनोळखी शब्द ठरतात.

त्यात लिपीचे घोळ. ‘ॲप’ हा शब्द पडद्यावर एकसारखा दिसला, तरी पोटात दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो: ‘अ’वर चंद्र देऊन, किंवा युनिकोडमध्ये २००८ साली आलेलं स्वतंत्र ‘ॲ’ हे अक्षर वापरून. ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’मधला तो आडवा रफारसुद्धा दोन निराळ्या संकेतांनी काढता येतो. वाचणाऱ्याला काडीचा फरक दिसत नाही. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, जोवर कुणीतरी बसून ते एक करणारा नियम लिहीत नाही.

गावांची नावं ही आणखी एक कसोटी. कर्जत रायगडातही आहे आणि नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातही. खेड पुण्यातही, रत्नागिरीतही. मालेगाव नाशिकमध्ये, तसंच वाशीममध्ये. आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यातही. शिरूर तर तीन. ‘वाडा’ हा पालघरचा तालुका. ‘कळवा’ म्हणजे ठाण्याशेजारचं उपनगर, आणि ‘माहिती असल्यास कळवा’मधलं क्रियापदही तेच. चंद्रपूर जिल्ह्यात ‘मूल’ नावाचा तालुका आहे आणि त्या भागात वाघाच्या हल्ल्याच्या बातम्या वारंवार येतात. लेकरावर हल्ला झाला की त्या गावात, हे मराठी माणसाला व्याकरणच सांगतं, कारण लेकराचं ‘मुलाला’ होतं आणि गावाचं ‘मूलला’. नुसते शब्द मोजणाऱ्याला ती खूण कळत नाही.

सर्वांत मोठा चकवा ‘ठाण्यात’ या शब्दाचा. राज्यातल्या प्रत्येक गुन्ह्याच्या बातमीचा शेवट ‘पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल करण्यात आला’ असा होतो. केवळ शब्दावर जाणाऱ्या यंत्राच्या हिशेबात गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतचा प्रत्येक गुन्हा ठाणे शहरात घडतो.

यावर उपाय आहेत, आणि त्यातले काही पुण्यातच तयार झाले आहेत. ‘एल-थ्री-क्यूब’ या उपक्रमात रविराज जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मराठीचे मोठे मजकूरसंग्रह जमवले आणि त्यांवर ‘महाबर्ट’ नावाचं भाषेचं प्रतिमान घडवलं. त्यांच्याच ‘महान्यूज’ या संचात एक लाखाहून जास्त मराठी बातम्या बारा विषयांत लावलेल्या आहेत, आणि त्या कुणीही संशोधनासाठी वापरू शकतो. असं प्रतिमान शब्द सुटा न पाहता त्याच्या आजूबाजूचे शब्द पाहतं. त्यामुळे ‘पोलीस ठाण्यात’ आणि ‘ठाण्यात लोकल उशिरा’ यांतला फरक ते शिकू शकतं. मराठीसाठी असं काम करणाऱ्यांची नावं बातम्यांत फार येत नाहीत. ती यायला हवीत. फोनवरची मराठी धड वाचली जाते ती अशा कष्टांमुळे.

एक कांदा, दोन फोन

निफाड तालुक्यातलं एक घर. दिवाळीसाठी मुलगा पुण्याहून आला आहे. तो संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो. वडील कांदा, द्राक्षं आणि थोडा मका करतात. ओट्यावर दोन फोन शेजारी ठेवून दोघांनी बातम्यांचं एकच ॲप उघडलं. वडिलांच्या फोनवर वर बाजारभाव, मग हवामान, मग एका अपघाताची चित्रफीत, मग पुन्हा बाजारभाव. मुलाच्या फोनवर क्रिकेट, शेअर बाजार, नवा फोन, पुण्यातली वाहतूक. बराच वेळ सरकवल्यावर त्याच्याकडेही कांदा आला, पण मथळा होता ‘कांदा रडवणार’. वडील तो मथळा वाचून गप्प झाले. शहरात ज्या भावाला रडवणारा म्हणतात, त्याच भावात त्यांचं वर्ष निघतं.

एकाच शब्दाला दोन घरांत दोन अर्थ असतात. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, आणि मे २०२४मध्ये ती बंदी उठवली. प्रत्येक टप्प्यावर लासलगाव, पिंपळगावच्या आवारात आवक आणि भाव हलले. त्या महिन्यांत शेतकऱ्याला हवं होतं ते नेमकं: आज कोणत्या बाजार समितीत क्विंटलला किती, लिलाव चालू आहेत की बंद, अधिसूचना कोणत्या तारखेपासून. मुंबईच्या गृहिणीला किलोचा भाव हवा होता. दोघांच्याही ‘आवडीत’ यंत्र ‘कांदा’ हा एकच शब्द लिहून ठेवत असेल, तर दोघांचंही काम होत नाही.

आवड ओळखण्याच्या मुख्य वाटा दोन. पहिली मजकुराची: तुम्ही कांद्याच्या बातम्या उघडल्यात, म्हणून आणखी कांदा. दुसरी माणसांची: तुमच्यासारख्याच बातम्या उघडणाऱ्या इतरांनी आणखी काय वाचलं ते तुम्हालाही. ही दुसरी वाट १९९४मध्ये ‘ग्रुपलेन्स’ या प्रकल्पाने युजनेट या इंटरनेटवरच्या चर्चामंचावरच्या मजकुरासाठी चोखाळली. गूगल न्यूजने ती कशी वापरली, हे २००७च्या एका शोधनिबंधात आहे. त्याच्या चार लेखकांत अभिनंदन दास आणि मयूर दातार ही नावं आहेत. लाखो वाचकांची एकमेकांशी तुलना करणं अशक्य, म्हणून सारख्या वाचनाच्या माणसांचे गट पाडायला त्यांनी ब्रोडर यांचीच युक्ती वापरली. दोन मजकूर किती सारखे हे पाहणारं गणित दोन माणसं किती सारखी हे पाहायला लागलं.

बातमीत एक अडचण आणखी आहे. पुस्तक किंवा सिनेमा वर्षानुवर्षं सुचवता येतो. बातमी संध्याकाळपर्यंत शिळी होते. ती कुणी वाचेपर्यंत तिच्याबद्दल आकडे नसतात, आणि आकडे नसताना ती कुणाला दाखवायची ते ठरत नाही. याहूच्या मुखपृष्ठासाठी २०१०मध्ये एक उपाय मांडला गेला. काही वाचकांना यंत्राने मुद्दाम न आजमावलेली बातमी दाखवायची, प्रतिसाद पाहायचा, आणि त्यावरून पुढच्यांसाठी अंदाज सुधारायचा. वाचकाची माहिती न वापरणाऱ्या तशाच पद्धतीपेक्षा त्यात १२.५ टक्के जास्त क्लिक मिळाल्याचं त्या निबंधात नोंदलं आहे.

मोजमाप क्लिकचं आहे, हे इथे लक्षात ठेवायला हवं. निफाडच्या त्या बापाने अपघाताची चित्रफीत उघडली, कारण रस्ता ओळखीचा वाटला. तेवढ्यावरून पुढचे आठ दिवस त्याच्या फोनवर राज्यभरचे अपघात येत राहिले. त्याच्या गावच्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, ही बातमी त्याने कधीच उघडली नव्हती. उघडणार कशी? ती त्याला कधी दिसलीच नव्हती.

मराठी वर्तमानपत्रांनी आवडीचा हा प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडवला होता. त्यांनी माणूस न पाहता गाव पाहिलं. जिल्ह्याच्या आवृत्त्या, शहराची वेगळी पानं, ‘हॅलो’ आणि ‘टुडे’सारख्या स्थानिक पुरवण्या. एका गावातल्या डॉक्टरला, शिक्षकाला आणि हमालाला तेच पान मिळायचं. त्यामुळे सकाळी चहाच्या टपरीवर तिघांना एकाच नळयोजनेवर बोलता यायचं. फोन तिघांना तीन पानं देतो.

फोनवर मराठी बातमी आली, तीही मराठी माणसांच्या खटपटीमुळे, हेही इथे सांगायला हवं. नोकियात काम केलेल्या उमेश कुलकर्णी आणि चंद्रशेखर सोहोनी यांनी २००९मध्ये ‘न्यूजहंट’ काढलं. तेव्हाच्या साध्या फोनांत देवनागरी अक्षरं नसत. मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसायचे. न्यूजहंटने अक्षरं दाखवण्याची सोय ॲपच्या आतच केली, आणि छोट्या पडद्यावर गावचा पेपर वाचता येऊ लागला. २०१२मध्ये वीरेंद्र गुप्ता यांच्या कंपनीने ते घेतलं आणि २०१५मध्ये त्याचं नाव ‘डेलीहंट’ झालं. सुरुवातीला त्यात वाचक आपला पेपर निवडायचा, त्या पहाटेच्या विक्रेत्याकडे मागावा तसा. पुढे पेपर निवडण्याऐवजी बातम्यांचा ओघ आला.

चाळीस साक्षीदार

आता त्या मेखीकडे. अनेकांनी छापलं म्हणजे महत्त्वाचं, या नियमात गृहीत धरलेलं असतं की छापणारे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. दहा बातमीदार दहा दिशांनी जाऊन तेच सांगत असतील, तर त्याला खरंच वजन आहे. पण मराठी संकेतस्थळांवर दुपारी येणाऱ्या राष्ट्रीय बातम्या पाहाव्यात. ‘पीटीआय’ या वृत्तसंस्थेने दिल्लीहून एक इंग्रजी बातमी सोडली. चाळीस ठिकाणी तिचं भाषांतर झालं. प्रत्येक उपसंपादकाने मथळा वेगळा दिला, वाक्यं पुढेमागे केली. इंग्रजीत ती जशीच्या तशी छापली गेली असती, तर नक्कल ओळखणाऱ्या युक्तीने ती धरली असती. भाषांतराने प्रत्येक नकलेला नवा पोशाख मिळतो. यंत्राला चाळीस साक्षीदार दिसतात. पाहणारा माणूस एकच असतो.

उलट बाजूला तालुक्याची बातमी. ती एका वार्ताहराने दिली, एका पत्राच्या एका आवृत्तीत आली. तिचा गट करायला यंत्राकडे दुसरी बातमीच नाही. एकाचा गट म्हणजे यंत्राच्या लेखी जवळपास गोंगाट.

गूगलला ही अडचण कळली नव्हती असं नाही. सप्टेंबर २०१९मध्ये कंपनीने जाहीर केलं की ज्याने बातमी आधी शोधून काढली, त्या मूळ वार्तांकनाला शोधात वर आणि जास्त काळ ठेवलं जाईल. दिशा योग्यच होती. पण मूळ बातमी ओळखायची एक मोठी खूण म्हणजे इतरांनी तिचा दिलेला हवाला. ज्या बातमीचा पाठपुरावा कुणीच केला नाही, तिला मूळ म्हणणार कोण?

माणसांना काढून फक्त यंत्र ठेवलं की काय होतं, याची उदाहरणं आता जमली आहेत. मायक्रोसॉफ्टच्या ‘एमएसएन’वर बातम्या निवडणाऱ्या कंत्राटी पत्रकारांचं काम २०२०मध्ये यंत्राकडे गेलं. थोड्याच दिवसांत यंत्राने ब्रिटनमधल्या ‘लिटल मिक्स’ या गायकवृंदातल्या एका गायिकेच्या वंशभेदाविषयीच्या बातमीला तिच्याच सहकारी गायिकेचा फोटो लावला. डिसेंबर २०२४मध्ये ॲपलच्या फोनांनी बीबीसीच्या नावावर एक सारांश दाखवला: खुनाच्या आरोपातल्या ल्युइजी मँजिओनीने स्वतःवर गोळी झाडली. बीबीसीने असं काही लिहिलंच नव्हतं. पुढच्याच महिन्यात ॲपलने बातम्यांचे सारांश थांबवले. आणि ऑक्टोबर २०२५मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन व बीबीसीने १८ देशांतल्या २२ सार्वजनिक माध्यमसंस्थांसह केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. बातम्यांविषयी विचारल्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकांनी दिलेल्या उत्तरांपैकी ४५ टक्के उत्तरांत किमान एक गंभीर दोष सापडला. स्रोत चुकीचा देणं किंवा न देणं हा त्यातला सर्वांत मोठा.

शिकायचं ते इथेच आहे. सारांश करताना पहिल्यांदा गळतं ते ‘कोणी सांगितलं’. गावच्या बातमीत नेमकं तेच महत्त्वाचं असतं: सरपंच म्हणतात, ग्रामसेवक म्हणतात, की विहिरीवर उभी असलेली बाई म्हणते.

गोळा करणाऱ्याचं आणि आणणाऱ्याचं

बातमी आणायला पैसा लागतो आणि ती गोळा करायला त्याहून फार कमी लागतो. यावरून जगभर भांडण चालू आहे. स्पेनने उतारा दाखवल्याबद्दल पैसे देणं सक्तीचं केलं, तेव्हा गूगलने डिसेंबर २०१४मध्ये तिथली न्यूज सेवा बंद केली. ती परत आली २०२२मध्ये, कायदा बदलल्यावर. कॅनडाने २०२३मध्ये असाच कायदा केला. गूगल वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर द्यायला तयार झालं. मेटाने मात्र तिथे फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्याच बंद केल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशाच्या उत्तरेकडे वणवा पसरला आणि यलोनाइफ शहर रिकामं करावं लागलं. कुठला रस्ता खुला आहे याची बातमी लोकांना फेसबुकवर एकमेकांना पाठवता येईना.

भारतात डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशन या मोठ्या वृत्तसमूहांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२मध्ये गूगलची चौकशी करण्याचा आदेश दिला. जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा किती आणि तो कसा ठरतो, हा त्यातला वाद. वाटा मिळायलाच हवा. पण तो मुख्य कार्यालयात आला, तरी तालुक्यापर्यंत किती झिरपेल, हा प्रश्न त्या आदेशाच्या बाहेरचा आहे, आणि तो विचारणारं कुणी नाही.

तालुक्याचा वार्ताहर बहुधा पगारी नसतो. त्याला मानधन मिळतं, आणि कमाईचा मोठा भाग जाहिरातींच्या कमिशनमधून येतो. नेत्याच्या वाढदिवसाची जाहिरात आणायची ती त्यानेच, आणि त्याच नेत्याच्या कामाची बातमी द्यायची तीही त्यानेच. कित्येक गावांत पेपरची एजन्सीसुद्धा त्याच्याच घरात असते. शेती किंवा एखादं दुकान सांभाळून तो हे करतो. यंत्र ज्या बातम्यांवर जगतं, त्यातल्या सर्वांत दुर्मीळ बातम्या अशा माणसाच्या मोटारसायकलीवरून येतात.

कात्रण

मराठवाड्यातल्या एका तालुक्याचं ठिकाण. असाच एक वार्ताहर सकाळी नऊला बसस्थानकासमोरच्या हॉटेलात बसला आहे. चार दिवसांपूर्वी तो एका वाडीवर गेला होता. तिथली नळयोजना पूर्ण झाल्याचा फलक लागला आहे, टाकी रंगवलेली आहे, आणि नळाला पाणी नाही. त्याने टाकीचा फोटो काढला, फलकाचा काढला, दोन बायकांशी आणि ग्रामसेवकाशी बोलला. तिथेच उभ्या उभ्या फोनवर बातमी टंकली आणि व्हॉट्सॲपवरून जिल्हा कार्यालयात पाठवली. आज ती आली आहे, आतल्या पानावर, दोन कॉलम. फोटो एकच आला, टाकीचा.

ही बातमी यंत्रापर्यंत गेलीच नाही. जिल्ह्याचं ते पान ई-पेपरमध्ये चित्र म्हणून आहे. संकेतस्थळावर मजकूर म्हणून ते कुणी टाकलेलं नाही. तेवढी माणसं जिल्हा कार्यालयात नाहीत. म्हणजे तिला यंत्राने नाकारलं असंही म्हणता येत नाही. आणि उद्या कुणी मजकूर टाकला, तरी तिच्या जोडीला दुसरी बातमी नाही, आणि वाडीत फोन असतील साठ-सत्तर. साठ-सत्तर क्लिकांवर कोणतं गणित हलणार?

त्याला हे सगळं ठाऊक आहे. तो अंक टेबलावर पसरतो, चहाचा ग्लास बाजूला करतो, खिशातल्या छोट्या कात्रीने बातमी कापतो आणि कात्रण उजेडाला धरून फोटो काढतो. मग तो फोटो तीन गटांवर जातो: वाडीचा गट, पंचायत समितीचा गट आणि तालुक्यातल्या पत्रकारांचा गट. फोनवर निरोप वाजायला लागतात. हात जोडलेली दोन चित्रं, एक अंगठा. पंचायत समितीच्या गटावर एका अभियंत्याचा प्रश्न येतो: ‘ही बातमी कधीची आहे? जुनी दिसते.’

कापताना तारखेची पट्टी पानाच्या वरच राहून गेली होती. तो हॉटेलवाल्याकडून त्यांचा अंक मागून घेतो, पान सपाट करतो, वरची तारीख आणि खालची बातमी दोन्ही चौकटीत येतील असा फोन उंच धरतो आणि पुन्हा फोटो काढतो.